चित्रातली बाई आणि कटिंगचं टेबल

कोल्हापूर,
रविवार, रात्री

प्रिय चिमे,

तुझ्या लेकीनं पाठवलेली चित्रं मोठी करकरून बघितली. हात चांगला आहे गं पोरीचा. रेषा अडखळत नाही आणि मुख्य म्हणजे शिफॉन आणि सॅटिन तिनं वेगवेगळं रंगवलंय. सॅटिनची चमक दाखवायला कागद कोरा सोडायचा असतो, हे तिला कुणी शिकवलं कोण जाणे. ह्या वयात बहुतेक मुलींची सगळी कापडं मेणकापडासारखी दिसतात.

पण तुझा प्रश्न आहे, "हिला फॅशन डिझाइनला घालू का?" त्याचं उत्तर मला ह्या चित्रांवरून देता येत नाही. का, ते सविस्तर लिहिते. फोनवर भावजी मधेमधे बोलतात आणि माझं निम्मं राहून जातं, म्हणून हे पत्र.

आमच्या कॉलेजचं वर्षअखेरचं प्रदर्शन नुकतंच झालं. ह्या खेपेला माजी विद्यार्थिनींनाही आपापलं काम घेऊन बोलावलं होतं. भिंतीवर चित्र आणि त्याच्यासमोर पुतळ्यावर तोच कपडा, शिवलेला, अशी मांडणी मी भांडून करून घेतली. इतकी वर्षं चित्रं एका खोलीत आणि कपडे दुसऱ्या खोलीत असायचे, त्यामुळे दोघांचीही अब्रू झाकली जायची.

चित्रातली बाई कशी असते, तुला आठवत असेलच. खरं माणूस स्वतःच्या डोक्याच्या साधारण साडेसात पट उंच. चित्रातली बाई नऊ, नाहीतर थेट दहा डोक्यांची, आणि वाढवलेली सगळी उंची पायांत. हिला आता मुली क्रोकी म्हणतात. पहिल्या सत्रात तीच गिरवून घेतात. लांब पायांवर कापड कसं पडतं ते नीट दिसतं, म्हणून हा संकेत पडलाय आणि त्याला माझी हरकत नाही. हरकत पुढं सुरू होते. मुली हळूहळू त्या दहा डोक्यांच्या बाईसाठीच कपडे काढायला लागतात. तिला छाती नाही, पोट नाही, ती बसत नाही, जिना चढत नाही. हात खिशात नाहीतर पाठीमागे, कारण बोटं काढायचा सगळ्यांना कंटाळा. (तुझ्या लेकीच्या चित्रांतही बहुतेक बायकांचे हात पाठीमागेच आहेत. तिला सांग, मावशीच्या लक्षात आलंय.)

पहिल्या वर्षाच्या एका मुलीनं सुंदर झगा काढला होता. गळा बंद, बाह्या मनगटाशी घट्ट, कंबर घट्ट. मी विचारलं, "हा घालायचा कसा?" म्हणाली, "मॅम, चेन मागे असेल." मागची बाजू काढलीच नव्हती. म्हणून त्यांच्याकडून दुसरं चित्र काढून घ्यावं लागतं, ज्याला त्या फ्लॅट म्हणतात. त्यात बाई नाही, नुसता कपडा. पुढून, मागून, प्रत्येक जोड, डार्ट (कपडा अंगाला बसावा म्हणून घेतलेली चिमट), टीप, काज-बटण जागच्या जागी. रंगीत चित्र गिऱ्हाइकाला दाखवायला, आणि हे कारखान्यात मास्टरच्या हातात द्यायला. प्रदर्शनात ह्या चित्रांसमोर कुणी थांबत नाही. मला मात्र पोरगी काय शिकली ते तिथंच कळतं.

आता खणाच्या गाऊनची गोष्ट सांगते. शेवटच्या वर्षाच्या एका मुलीनं खणाचा पायघोळ गाऊन काढला. जांभळा, मोठा घेर, काठ फक्त खाली, एकसलग. चित्र इतकं देखणं की आमच्या विभागप्रमुखांनी ते आमंत्रणपत्रिकेवर छापायला घेतलं. आधी तिनं नियमाप्रमाणे मांजरपाटात शिवून बघितला. छान बसला. मग गुळेदगुड्डचा खण आणला, टेबलावर पसरला आणि रडायला बसली. खणाचा पन्हा, म्हणजे रुंदी, केवढा असतो, तुला माहीत आहे. चोळी निघावी एवढ्या बेतानं विणलेलं कापड ते, आणि त्यात काठ दोन्ही कडांना. मांजरपाटाचा पन्हा मोठा, म्हणून तिथं अडचण दिसलीच नव्हती. एकसलग घेर त्यातून निघणार कुठून? जोड द्यायचे तर प्रत्येक जोडाशी काठ आडवा येणार. काठ कापून टाकायचा तर खण घेतला कशाला?

दोन दिवस ती काठ लपवायच्या खटपटीत होती. मी गप्प बसले, हे मला फार कठीण जातं. तिसऱ्या दिवशी तिनं आपणहून कळ्या, म्हणजे वर निमुळते नि खाली रुंद तुकडे, उभ्या लावल्या. प्रत्येक कळीचा काठ पुढच्या कळीच्या काठाला भिडवला, त्यामुळे कमरेपासून पायापर्यंत काठांच्या जोडरेघा उतरत गेल्या. कळ्यांना तिरपं कापायचं ते काठाच्या बाजूनं नाही, तर दुसऱ्या बाजूनं, म्हणजे काठ सरळ राहील. हे तिला पुस्तकानं नाही, कापडानं शिकवलं. गाऊन चित्रापेक्षा सरस झाला. चित्र मात्र आमंत्रणपत्रिकेवर जुनंच छापून गेलं, आणि आलेले पाहुणे पत्रिका हातात धरून "हा तो नव्हे" म्हणत होते.

सगळ्यांचंच असं सुटलं नाही. घोंगडीचा कोट होता एक. दख्खनी मेंढीची राठ लोकर, त्याला कॉम्प्युटरवर भरजरी कॉलर. हल्ली संगणकावरच्या माणसाला कपडा घालून, चालवून बघता येतो. कापड कुठं ताणतंय तेसुद्धा रंगानं दाखवतं ते सॉफ्टवेअर. कामाची गोष्ट आहे, मी नावं ठेवत नाही. पण घोंगडी मानेला किती टोचते ते त्यात दिसत नाही, आणि पोरीनं कॉलरला अस्तर दिलं नव्हतं. तो कोट घालून चालणाऱ्या मुलीची मान दुसऱ्या दिवशी लालभडक.

मला सगळ्यात आवडलेलं चित्र परीक्षकांनी बाजूला टाकलं. मुलीनं क्रोकी न घेता आपली मावशी काढली होती. बुटकी, चष्मा, पोट सुटलेलं, पाठीला बाक. तिच्यासाठी साधा कॉटनचा कुडता. बाक असलेल्या माणसाला आपण नेहमीचा कुडता दिला की तो मागून वर चढतो आणि पुढून लोंबतो. हिनं मागच्या भागाची उंची वाढवली, पुढची कमी केली, खांद्याला मागे छोटे डार्ट दिले. चित्रात ते काहीच उठून दिसत नाही. मावशी प्रदर्शनाला तोच कुडता घालून आली, तर खालची कड चहूकडून एका पातळीत. मी जाऊन दोनदा बघितलं. परीक्षक म्हणाले, "ह्यात फॅशन कुठं आहे?" मी माझ्या हातातले मार्क भरभरून दिले. उरलेले माझ्या हातात नव्हते.

तुझ्या लेकीच्या खोलीत मॅक्वीनचा, त्या इंग्रज फॅशन डिझायनरचा, फोटो लावलाय म्हणालीस. तिला विचार, तो शिकला कुठं हे माहीत आहे का. लंडनच्या सेंट मार्टिन्स कॉलेजचं नाव ती सांगेल. पण त्याच्या आधी तो सोळाव्या वर्षी शाळा सोडून लंडनच्या सॅव्हिल रो ह्या शिंप्यांच्या रस्त्यावर उमेदवारी करत होता, कोट शिवायला शिकत होता. सेंट मार्टिन्सला तो गेला तोच पॅटर्न कटिंग शिकवायची नोकरी मागायला. नोकरी मिळाली नाही, प्रवेश मिळाला. 1992 साली त्याच्या शेवटच्या वर्षाच्या कपड्यांचा शो झाला, तेव्हा इझाबेला ब्लो ह्या बाईनं तो सगळाच्या सगळा संग्रह 5,000 पौंडांना घेतला, तेही हप्त्यानं पैसे देऊन. विद्यार्थ्याचं काम कुणीतरी कॉलेजातूनच उचलतं, ते असं.

त्याच्याही आधीची फ्रेंच डिझायनर मादलेन व्हिओने तर कागदावर काढायचीच नाही. लहान वयात शिवणकामाला लागलेली बाई. छोट्या लाकडी बाहुलीवर कापड गुंडाळून, टाचून डिझाइन करायची. 1920 च्या दशकात तिनं उरेब, म्हणजे धाग्याला तिरप्या कापलेल्या, कापडाचे अख्खे झगे बनवले. आपण उरेब म्हटलं की गळ्याच्या पट्टीपलीकडे जात नाही.

पण उलटं उदाहरणही आपल्याच गावचं आहे, म्हणून मी चित्राला कमी लेखणार नाही. सिनेमाचे कपडे करणाऱ्या भानू अथय्या. माहेरच्या राजोपाध्ये, 1929 साली कोल्हापुरात जन्म, वडील अण्णासाहेब चित्रकार. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या, 1953 मध्ये मुंबईच्या प्रोग्रेसिव्ह ह्या चित्रकारांच्या ग्रुपच्या प्रदर्शनात त्यांची चित्रं होती. पोटापाण्यासाठी बायकांच्या इंग्रजी मासिकांत फॅशनची चित्रं काढायच्या. 'ईव्हज वीकली'च्या संपादिकेनं बुटीक उघडलं आणि त्यांना म्हणाली, नुसती चित्रं काय काढतेस, कपडे करून बघ. तिथून पुढं सिनेमा, आणि 1983 साली 'गांधी'साठी ऑस्कर, जॉन मोलोबरोबर. भारतातून ऑस्कर मिळालेल्या त्या पहिल्या. पण बघ, चित्र काढणाऱ्या बाईला कुणीतरी कापडाकडे ढकलावं लागलंच. आमच्या मुलींना त्यांचं नाव माहीत नसतं, डिझायनर सब्यसाचीचं असतं. सब्यसाचीबद्दल तक्रार नाही, तोही कोलकात्याच्या निफ्टचा, म्हणजे सरकारी फॅशन कॉलेजचा, विद्यार्थी. पण राजोपाध्यांची लेक कोल्हापुरातल्या पोरींना माहीत नसावी, ह्याचा मला राग येतो.

माजी विद्यार्थिनींचं टेबल कोपऱ्यात होतं आणि तिथं गर्दी नव्हती. एक गडहिंग्लजकडे शाळेचे गणवेश शिवते. तिनं पिनाफोर, म्हणजे शर्टावर घालायचा बिनबाह्यांचा झगा, आणला होता. खालची दुमड एवढी रुंद की दरवर्षी एक टीप उसवून खाली सोडायची. पोरगी वाढेल तसा गणवेश वाढतो, आणि बाजूच्या शिवणीतही तेवढंच मार्जिन. जुन्या टिपेची रेघ दिसू नये म्हणून त्या जागी तिनं सुरुवातीपासूनच पातळ नाडी लावलीय, शोभेची. ह्या पोरीचं क्रोकी मी कधी धड बघितलं नव्हतं. चित्रकलेत काठावर पास. दुसरी बंगळूरला कारखान्यात ग्रेडिंग करते, म्हणजे एकाच कपड्याचे लहान-मोठे साइज काढते. तिनं पुरुषांच्या एका शर्टाचा टेक पॅक आणला होता, पानंच्या पानं मापं, कुठं किती चूक चालेल त्याच्यासकट. तिसरीनं आजीसाठी केलेलं पोलकं आणलं होतं. बोटं आखडल्यानं हुक लागत नाहीत, म्हणून पुढं व्हेल्क्रो, आणि वरून नुसती दिसायला बटणं. शेजारी चित्र लावलं होतं, त्यात आजी खुर्चीत बसलेली. बसलेली बाई फॅशनच्या चित्रात मी पहिल्यांदाच बघितली असेन.

चौथी आली ती नुसती भेटायला. मुंबईत एका डिझायनरकडे सहा महिने बिनपगारी इंटर्न होती. तिची चित्रं त्यांच्या संग्रहात गेली, नाव गेलं नाही. हे तुला मुद्दाम सांगते, कारण भावजी पैशाचं विचारणार आणि त्यांनी विचारावंच. ह्या धंद्यात पहिली काही वर्षं हातात फार येत नाही. ज्यांना कटिंग येतं, त्या तगतात. नुसती चित्रं येणाऱ्यांना गिऱ्हाईक आधी मास्टर शोधायला सांगतं.

आता तुझं काम. निफ्टची तयारी करायची असेल तर खारघर तुम्हाला ठाण्याहून जवळ, डिग्री चार वर्षांची. तिथंही नुसती चित्राची परीक्षा नसते. लेखी पार झाल्यावर सिच्युएशन टेस्ट असते, दिलेल्या सामानातून हातानं वस्तू करून दाखवायची. त्याचा क्लास लावायच्या आधी असं कर. तिच्या चित्रांतला तो पिवळा कुडता निवड, सगळ्यात साधा आहे तो. तिला मांजरपाट आणून दे. आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यायला सांग, नाहीतर आटेल आणि तुझ्यावर ओरडेल. तुझं शिलाई मशीन माळ्यावरून काढ, तेल घाल. स्वतःच्या मापाचा कुडता तिनं स्वतः कापून शिवायचा. तू मदत करायची नाहीस. मुंढा (बाही जोडायची गोलाई) चुकणार, बाही मागेपुढे लागणार, सगळ्यांचं होतं. उसवून परत बसते का, तेवढं फक्त बघ. बसली तर फॉर्म भर. नाही बसली तर तिला चित्रकलेकडे पाठव. तिचा हात तिथंही वाया जाणार नाही, आणि तू चार वर्षांची फी वाचवशील.

कुडता कसाही झाला तरी फोटो पाठव. पुढून, मागून, आणि काखेतला जवळून. भावजींशी फीचं मी बोलते, पण रविवारी नको. रविवारी माझ्याकडे ब्लाउजची गिऱ्हाइकं असतात आणि लग्नसराई तोंडावर आलीय.

तुझी,
अक्की

ता. क. मशीनची सुई जुनी असेल तर बदल. मांजरपाटाला सोळा नंबर चालेल.