हात बांधले, पण कुणी आणि का?

खडकी, पुणे

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू तावातावाने म्हणालीस, "१९६५ साली पुढाऱ्यांनी नौदलाचे हात बांधले." बांधले, खरं आहे. पण एळिमलाच्या नौदल अकादमीतल्या निबंधात एवढंच लिहिलंस तर गोष्ट अर्धीच राहील.

नौदलप्रमुख व्हाइस ॲडमिरल भास्कर सोमण, संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण. दोघंही आपलीच माणसं, त्यामुळे आमच्या सकाळच्या फिरायच्या कंपूत या विषयावर हमखास भांडण होतं. हुकूम असा होता, की मुंबईपासून दोनशे मैलांपलीकडे जायचं नाही आणि पोरबंदरच्या अक्षांशाच्या उत्तरेला कारवाई करायची नाही. इकडे ७ सप्टेंबरच्या रात्री पाकिस्तानची सात जहाजं द्वारकेवर तोफा डागून गेली. नुकसान फारसं झालं नाही, पण नौदलाला ते लागलं. मला खटकतं ते वेगळंच. एवढा मोठा हुकूम फाइलवरून आला, मंत्रालयातल्या एका अधिकाऱ्याच्या सहीने. सोमण गप्प बसले नाहीत. चव्हाणांकडे गेले, थेट शास्त्रीजींकडेही गेले. निर्णय बदलला नाही, आणि त्यांनी तो पाळला.

आता सरकारची बाजू बघ. विमानवाहू विक्रांत दुरुस्तीसाठी गोदीत. लढाई पेटली तेव्हा ताफ्यातली जहाजं बंगालच्या उपसागरात. सुकार्नोंचा इंडोनेशिया उघडपणे पाकिस्तानकडे झुकलेला, म्हणजे अंदमान-निकोबारची काळजी. आपल्याकडे एकही पाणबुडी नव्हती, त्यांच्याकडे गाझी होती. त्यात पंजाबात रणगाडे भिडलेले असताना समुद्रावर दुसरी आघाडी उघडायची नाही, हे धोरण भित्रेपणाचं होतं असं मला वाटत नाही. चुकीचं असेल, पण त्यामागे विचार होता.

याच्या उलट पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटनच्या ॲडमिरल फिशरचं बघ. वय ७४, नौदलाचा सर्वेसर्वा, आणि डोक्यावर चाळिशीचा मंत्री चर्चिल. तुर्कस्तानच्या डार्डनेल्स सामुद्रधुनीवरची मोहीम फिशरला मनातून पटलेली नव्हती. २८ जानेवारी १९१५ च्या युद्धसमितीच्या बैठकीत तो उठून चालला होता. युद्धमंत्री किचनरने समजूत घालून परत आणला, मग तो बसला तो गप्पच. १८ मार्चला सुरुंगांनी तीन युद्धनौका बुडवल्या. १५ मे रोजी, मोहीम ऐन अंगाशी आलेली असताना, साहेबांनी राजीनामा दिला. पाठोपाठ चर्चिलचंही खातं गेलं. बोलायचं तेव्हा बोलला नाही आणि थांबायचं तेव्हा थांबला नाही. त्याच्यापुढे सोमण मला कितीतरी मोठे वाटतात, जरी त्यांच्या पदरात काही पडलं नाही तरी.

१९७१ मध्ये नौदलप्रमुख ॲडमिरल नंदा ऑक्टोबरातच इंदिराबाईंना भेटले. कराचीवर हल्ला केला तर राजकीय अडचण येईल का, हे लढाईआधीच विचारून घेतलं. युद्ध झालंच तर ते युद्धासारखं लढायचं, अशा अर्थाचं उत्तर मिळालं आणि रस्ता मोकळा झाला. ४ डिसेंबरच्या रात्री कराचीजवळ बुडालेली पाकिस्तानी विनाशिका खैबर द्वारकेवर आलेल्या सातांपैकीच एक. हे तुमच्याकडे शिकवतातच, पण ऑक्टोबरमधली ती भेट विसरू नकोस, माझ्या मते निम्मं काम तिथेच झालं.

निबंध द्यायच्या आधी मला पाठव. सोमणांची बाजू तू जीव ओतून लिहिशील याची खात्री आहे. चव्हाणांच्या टेबलावर त्या दिवसांत काय काय येऊन पडलं होतं, त्याचाही एक परिच्छेद घाल. पटलं नाही तर भांड माझ्याशी, पण फोनवर नको, पत्रातून.

तुझे,
बाबा