आमच्या मुलीच्या स्पीच थेरपिस्ट ताईंना जाहीर आभारपत्र

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

आमच्या मुलीला बसवलेल्या कॉक्लियर इम्प्लांटचे, म्हणजे ऐकण्यासाठी अंतर्कर्णात बसवलेल्या यंत्राचे, आणि ती शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचे कौतुक घरी येणारा प्रत्येक जण करतो आणि ते योग्यच आहे. शस्त्रक्रियेनंतर आपण जे काम केलेत त्याविषयी मात्र फारसे कोणी विचारत नाही, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे.

आवाजाला मज्जातंतू आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात हे मोजणाऱ्या बेरा चाचणीत दोन्ही कानांना तीव्र बधिरत्व असल्याचे निदान झाल्यावर आमचे सारे लक्ष यंत्र आणि खर्च यांवर होते. आपण कागदावर शंखाकृती अंतर्कर्णाचे चित्र काढून समजावलेत की त्याच्या रुंद बुडाशी उंच स्वर आणि आतल्या टोकाशी खालचे स्वर टिपले जातात. निरोगी कानात ज्या कामाला सुमारे 3,500 आंतरिक केशपेशी (आवाजाची कंपने टिपणाऱ्या सूक्ष्म पेशी) असतात, ते काम आमच्या मुलीच्या यंत्रातील 22 इलेक्ट्रोड श्रवणमज्जातंतूला थेट विद्युत संकेत देऊन करणार आहेत. आणि त्या संकेतांना अर्थ देण्याचे काम तिच्या मेंदूला शिकावे लागेल. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे ग्रेअम क्लार्क यांच्या पथकाने 1978 मध्ये ज्या रुग्णाला बहुवाहिनी, म्हणजे अनेक इलेक्ट्रोडचे, इम्प्लांट बसवले, त्याची श्रवणशक्ती मोठेपणी गेली होती, त्यामुळे आवाजांची ओळख त्याच्या स्मरणात होती. जन्मतः बधिर असलेल्या बाळाजवळ अशी कोणतीही शिदोरी नसते आणि मेंदूची ही शिकण्याची क्षमता पहिल्या काही वर्षांतच सर्वाधिक असते, हे आपण इतक्या स्पष्टपणे सांगितलेत की आम्ही एक दिवसही वाया घालवला नाही.

यंत्र सुरू झाल्यावर मॅपिंग, म्हणजे प्रत्येक इलेक्ट्रोडच्या संकेताची जुळणी, करताना आपली जी दृष्टी दिसली, ती आम्हाला आजही थक्क करते. कोणता आवाज जेमतेम ऐकू येतो आणि कोणता सुखावह मर्यादेच्या पलीकडे जातो, हे सांगता न येणाऱ्या मुलीच्या पापणीची हालचाल, खेळता खेळता थबकलेला हात, कपाळावरची आठी यांवरून आपण प्रत्येक इलेक्ट्रोडची पातळी ठरवत होतात. संगणकाने मज्जातंतूचा प्रतिसाद मोजून दिला, तरी अखेरचा निर्णय आपण तिच्याकडे पाहूनच घेत होतात. रोज सकाळी आ, ऊ, ई, म, श, स हे सहा ध्वनी तोंड झाकून म्हणण्याची सवय आपण आम्हाला लावलीत. त्यातल्या ‘स’ला तिचा प्रतिसाद येत नाही असे कळवताच आपण उंच स्वरांचे मॅपिंग पुन्हा तपासलेत.

आपल्या शिकवण्यातली एक गोष्ट मला मुद्दाम नोंदवायची आहे. ‘बाबा’ आणि ‘मामा’ म्हणताना ओठ सारखेच मिटतात, त्यामुळे ओठांकडे पाहून हे शब्द वेगळे करता येत नाहीत. आपण तिच्या समोर न बसता शेजारी, यंत्राच्या बाजूला बसून हेच शब्द म्हणत राहिलात, आणि ती योग्य फोटोकडे बोट दाखवू लागली तेव्हा ती खरोखर ऐकते आहे याची आम्हाला खात्री पटली. पुढे ‘ल’ आणि ‘ळ’, ‘क’ आणि ‘ख’ यांतला भेदही आपण तितक्याच चिकाटीने तिच्या कानावर बसवलात.

शाळेचा विचार करून तिच्याशी इंग्रजीतच बोला, असा आग्रह अनेकांनी धरला होता. घरात जी भाषा दिवसभर सहज बोलली जाते तीच तिच्या कानावर पडू द्या, हे आपले म्हणणे आम्ही ऐकले. शेंगा सोलताना, पोळ्या लाटताना, कपड्यांच्या घड्या घालताना हातातल्या कामाविषयी अखंड बोलत राहण्याचे काम आपण तिच्या आजीकडे सोपवलेत, आणि आजच्या तिच्या बोलण्यात आजीची वळणे स्पष्ट ऐकू येतात. हे करताना खुणांच्या भाषेला आपण कधी कमी लेखले नाही, याबद्दलही माझ्या मनात आदर आहे. यंत्र काढल्यावर ती काहीच ऐकू शकत नाही, हे आम्ही विसरता कामा नये.

पावसाळ्यात यंत्र रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवण्यापासून ते केबल खराब झाल्यास काय करावे इथपर्यंत आपण सारे शिकवलेत, आणि प्रवास शक्य नसताना व्हिडिओ कॉलवर सत्रे घेतलीत. दिव्यांगांना साहाय्यक साधने देणाऱ्या सरकारच्या ॲडिप योजनेतून लहान मुलांना इम्प्लांट मिळते, ही मोठीच सोय आहे. तथापि पुढची काही वर्षे नियमित थेरपी गावाजवळ मिळाली नाही, तर एवढे महागडे यंत्रही अपुरे पडेल असे मला ठामपणे वाटते. प्रत्येक तालुक्यात आपल्यासारखी प्रशिक्षित व्यक्ती असावी, ही मागणी आम्ही पालक करत राहू.

नुकतेच निदान झालेल्या बाळांच्या आईवडिलांना आपण आमचा फोन नंबर जरूर द्यावा. त्यांच्याशी बोलायला आम्ही दोघेही केव्हाही तयार आहोत.

आपली कृतज्ञ,
आपल्या एका विद्यार्थिनीची आई