शून्यातून एक वजा

लष्कर, ग्वाल्हेर

चि. बाळ यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या प्रोग्रॅममध्ये शून्यातून एक वजा केल्यावर १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ ही वीस अंकी संख्या उमटली आणि ‘कसला तरी कचरा’ म्हणून तू ती पुसून टाकलीस, असे फोनवर म्हणालास. प्रोग्रॅम दुरुस्त केलास हे योग्यच. पण त्या संख्येला कचरा म्हणणे मला पटले नाही. चौसष्ट बिटांच्या, म्हणजे ० किंवा १ मावणाऱ्या चौसष्ट घरांच्या, जागेत ऋण चिन्हाला वावच ठेवलेला नसेल, तर शून्याच्या मागे जाताना चौसष्टही जागी १ येतो, आणि त्याचे मूल्य २ च्या ६४ व्या घातापेक्षा एकाने कमी भरते. आपल्या किल्ल्यावरील चतुर्भुज मंदिराच्या इ. स. ८७६ च्या लेखात २७० मधले शून्य ज्याने कोरले, त्याच्यावर त्यातून एक काढण्याची पाळी आली नाही, हे त्याचे भाग्य.

‘लीलावती’तील स्थानांच्या यादीत शेवटचे स्थान परार्धाचे, म्हणजे एकावर सतरा शून्ये; त्या मापाने ही संख्या १८४ परार्धांच्या वर जाते. मला मात्र तिच्या आकारापेक्षा तिचे अवयव अधिक मोलाचे वाटतात. दोन वर्गांच्या वजाबाकीचे शाळेतले सूत्र लावलेस की ती २ चा ३२ वा घात अधिक एक आणि उणे एक अशा दोन गुणकांत फुटते. त्यांतला ‘उणे एक’वाला पुन्हा तसाच फुटतो, आणि असे करत शेवटी ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७ हाती लागतात. या पाचही मूळ संख्या आहेत. २ चा १, २, ४, ८, १६ असा दुप्पट होत जाणारा घात अधिक एक, या मालिकेतली प्रत्येक संख्या मूळच असेल, असा फ्रेंच गणिती फर्मा याचा समज होता. पुढची संख्या, म्हणजे आपला पहिला गुणक ४२९४९६७२९७, हिने तो खोटा पाडला: १७३२ साली गणिती ऑयलरने तिला ६४१ ने भाग जातो हे दाखवले, आणि भागाकार येतो ६७००४१७.

ते भागाकार न करताही पटवता येते, आणि हा भाग तू कागदावर स्वतः करावास अशी माझी इच्छा आहे. ५ गुणिले २ चा ७ वा घात म्हणजे ६४०, अर्थात ६४१ ला एक कमी; म्हणून त्याच्या चौथ्या घाताला ६४१ ने भागल्यास बाकी १ उरते. तो चौथा घात म्हणजे ६२५ गुणिले २ चा २८ वा घात. आता ६२५ हे ६४१ ला १६ ने कमी, आणि १६ हा २ चा ४ था घात. तेव्हा ६२५ च्या जागी उणे १६ घातले तरी बाकी बदलत नाही. म्हणजे २ च्या ३२ व्या घाताची बाकी उणे एक ठरते, आणि त्यात एक मिळवताच नि:शेष भाग जातो.

तुझ्या संख्येत दोन मिळवलेस की मालिकेतली त्यापुढची संख्या येते. तिला २७४१७७ ने भाग जातो. तिचा कोणताही मूळ अवयव १२८ च्या पटीहून एकाने अधिक असावा लागतो. तेव्हा २७४१७६ ला आधी १२८ ने भागून बघ आणि उत्तर कळव.

तुझे बाबा