त्या मागे राहिलेल्या पिल्लासाठी, ताई, तुमचे आभार

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. "माझं नाव कुठे टाकू नका, उद्या पन्नास जण बोलावतील आणि गुडघे माझे दुखतील," असं तुम्हीच बजावलं होतंत. पण आभार मानायचे नाहीत असं काही म्हणाला नव्हतात, तेवढ्या पळवाटेतून, आमच्या पिल्लांना लस पाजलीत त्याबद्दल, हे पत्र.

आपल्या तलंगा, म्हणजे त्याच पिल्लांच्या झालेल्या तरण्या कोंबड्या, अंड्यावर आल्या. अंडी अजून लहान आहेत, एक-दोन तर बिनकवचाची मऊच निघाली, पण आल्या. त्याआधीचा लॉट इथपर्यंत पोचलाच नाही, हे तुम्हाला माहीत आहे. मानमोडीने, म्हणजे राणीखेत रोगाने गेला. पंख पाडून बसलेल्या, हिरवं पातळ हागणाऱ्या कोंबड्या एक वेळ बघवतात. पण मान पाठीवर उलटी वळलेली, दाणा समोर असून चोच भलतीकडेच मारणारी कोंबडी बघवत नाही. सासूबाईंनी त्यानंतर खुराड्याकडे जाणंच सोडलं होतं.

त्या वेळी भेटलेल्या मंडळींचीही आठवण काढायलाच हवी. दीड महिन्याची पिल्लं विकून गेलेला टेंपोवाला "सगळे डोस झालेत, गॅरंटी" म्हणाला. कोणते डोस, कधी, म्हणून विचारलं तर हसला. दुकानदाराने भर मे महिन्यात लासोटाची, म्हणजे मानमोडीवरच्या लशीची बाटली काळ्या पिशवीत घालून दिली. २ ते ८ अंशांत ठेवायची वस्तू! बर्फ मागितला तर "संपलाय, लगेच घरी जा." शिळफाट्याच्या ट्रॅफिकमधून 'लगेच' घरी कसं जायचं, ते त्यालाच ठाऊक. आणि फोनवरचे ते डॉक्टर. "नवी मुंबईत कसल्या कोंबड्या पाळता?" हा त्यांचा पहिला प्रश्न. आमचं गाव शिळफाट्याकडच्या चौदा गावांतलं, कधी नवी मुंबई महापालिकेत, कधी बाहेर, आता परत आत. कोंबड्यांना त्यातलं काय कळणार? मग म्हणाले, "शंभरभर पक्ष्यांसाठी कोण येणार? पाण्यात टाका आणि पाजा." टाकली आणि पाजली. कसल्या पाण्यात, हे सांगण्याइतका वेळ त्यांच्याकडे नव्हता. पक्षी मेल्यावर मात्र "लस दिली होतीत ना नक्की?" असं उलट मलाच विचारायला वेळ मिळाला.

तुमच्याविषयी मला शेजारच्या काकूंनी सांगितलं, तेही "रिटायर झाल्यात, येतील की नाही माहीत नाही" असं म्हणत. नव्या पिल्लांचे पहिल्या आठवड्यातले डोळ्यातले लशीचे थेंब आणि नंतरचा गंबोरो या दुसऱ्या रोगावरचा डोस तुम्ही फोनवर बोलत बोलत माझ्याकडून करून घेतलात. लासोटाच्या दुसऱ्या डोसाला मात्र "ही पाण्यातून द्यायची आहे, मी स्वतः येते" म्हणालात. उजाडायच्या आत दारात हजर. एका हातात बर्फ भरलेला स्टीलचा थर्मास, दुसऱ्या हातात दुधाच्या पावडरच्या मोजून आणलेल्या पुड्या.

आल्या आल्या तुम्ही आमच्या नळाचं पाणी पेल्यात घेऊन हुंगलंत. "क्लोरिन आहे. माणसाला चांगलं, लशीला वाईट. ही लस म्हणजे जिवंत विषाणू, अशक्त केलेला. पाण्यातले जंतू मारायला जे घालतात ते याला कसं सोडेल?" एवढं साधं वाक्य. तेवढं आधी कुणी बोललं असतं तर माझा अख्खा लॉट वाचला असता, असं मनात आलं आणि डोळे भरून आले. तुमच्या ते लक्षात आलं असणार, पण तुम्ही पुडी फोडून पावडर ढवळत राहिलात. लिटरला अडीच ग्रॅम, बिनसायीच्या दुधाची, क्लोरिनचा जोर मारायला. भांडी साबणाने घासायची नाहीत, बाटलीचं झाकण पाण्याखालीच उघडायचं, हे सगळं इथे सांगत बसत नाही. ज्याला करायचं आहे त्याने जाणत्या माणसाला घरी बोलवावं. माझ्या पत्रावरून करू नये.

मला सांगायचं आहे ते पुढचं. पिल्लं तास-दीड तास तहानेली ठेवलेली, त्यामुळे भांडी ठेवताच नुसती झुंबड. तुम्ही पाण्यात निळी गोळी टाकली होती, त्याने चोची निळ्या व्हायला लागल्या. दुसरं कुणी असतं तर इथे हात झटकून निघालं असतं. तुम्ही म्हणालात, "पुढच्या पितात त्या पितातच. मागे कोण राहिलंय ते बघा."

भुशाच्या गोणीआड एक काळसर पिल्लू होतं. शेपटीची पिसं बाकीच्यांनी टोचून काढलेली, भांड्याकडे यायची त्याची छातीच नाही. ते दुखरे गुडघे घेऊन तुम्ही खाली बसलात, त्याला उचललंत, अंगठ्याने चोच उघडलीत. जीभ फिकी. "कोरडंच राहिलंय हे." मी म्हटलं, एखादं राहिलं तर चालेल की हो. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "रोगाला शिरायला असलंच एखादं लागतं. आणि याचा काय गुन्हा?"

मग तुम्ही तळहातावर पाणी घेऊन त्याच्यापुढे धरलंत. हात आधीच नुसत्या पाण्याने धुतलेले, साबण नाही, सॅनिटायझर नाही. पिल्लू मान फिरवत होतं, तुम्ही थांबून राहिलात. मिसळलेली लस दोन तासांत संपायला हवी म्हणून नजर घड्याळावर, पण हात जरासुद्धा हलला नाही. शेवटी एकदाची चोच बुडली, डोकं वर गेलं, घोट उतरला, परत चोच बुडली. पुन्हा तोंड उघडून जीभ पाहिलीत, निळी. "हं, जा आता," म्हणून सोडून दिलंत. तसंच आणखी काही पिल्लांना, एकेक करून. सासूबाई दारात उभं राहून बघत होत्या. दुसऱ्या दिवसापासून खुराडं त्या परत स्वतः झाडायला लागल्या.

ताई, पाण्यातून लस देण्यात गोम अशी आहे, की दिल्यावर दिसत काहीच नाही. नीट दिली काय, कशीतरी दिली काय, संध्याकाळी पिल्लं सारखीच चरतात. कळतं ते पुढे मर लागल्यावर, आणि तोवर देणारा माणूस दूर गेलेला असतो. असलं काम कुणी बघत नसताना चोख करणारी माणसं आहेत अजून. आमच्या गावात टँकरवर एक पोरगा येतो. ओरडणाऱ्यांच्या हंड्यांची त्याला घाई नसते, पण गल्लीच्या टोकाच्या आजींचा हंडा भरल्याशिवाय तो पाइप गुंडाळत नाही. त्याला कुणी शाबासकी दिलेली मी ऐकली नाही. तुमच्या नोकरीत तरी तुम्हाला किती जणांनी दिली असेल? आमच्यासारख्या चार-दोन घरांत तुमचं नाव निघत असेल, तेवढंच.

जाताना तुम्ही बजावलं होतंत, पाण्यातली लस झाली म्हणजे सगळं झालं असं नाही, आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बीचं, म्हणजे मानमोडीवरच्याच दुसऱ्या लशीचं इंजेक्शन हवंच. ते वेळेवर झालं. तारीख आणि बाटलीवरचा बॅच नंबर वहीत लिहून ठेवलाय. टेंपोवाला पुन्हा आला तर ती वही त्याला दाखवणार आहे.

पैसे तुम्ही घेतले नाहीत, त्यावर वाद घालत नाही. पण चहा न घेता गेलात, ते सासूबाईंनी मनाला लावून घेतलंय. पुढची पिल्लं गणपती झाल्यावर आणायची आहेत. त्या वेळी चहा घेतल्याशिवाय थर्मास परत मिळणार नाही, असा त्यांचा निरोप आहे. आणि येताना पिशवी आणा, अंडी न्यायला.

तुमची,
शिळफाट्याच्या आतल्या गावची कोंबडीवाली