काटक म्हणे!

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला शालेय मुलांच्या तंदुरुस्तीवरचा लेख वाचला. काल दिवसभर गप्प बसले, आज राहवेना. शहरातली सुखवस्तू मुले मोबाइलपायी फोपशी झाली, याबद्दल वाद नाही. पण 'वाडीवस्तीवरची गरिबाघरची मुले मुळातच काटक' हे वाक्य लेखकमहाशयांनी कुठल्या वाडीवर बसून लिहिले, ते कळले तर बरे होईल.

पुरावा काय, तर धावपटू ललिता बाबर आणि कविता राऊत. अहो, ललिताताई आमच्याच माण तालुक्यातल्या. २०१६ च्या स्वातंत्र्यदिनाच्या संध्याकाळी त्या रिओ ऑलिम्पिकला स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत धावल्या, तेव्हा वस्तीवरच्या पोरी गोळा करून मी टीव्हीसमोर बसले होते. त्यांचा अभिमान आम्हाला कुणी शिकवायला नको. पण त्या जिंकत गेल्या म्हणून आमच्या पटावरच्या पोरांच्या पोटात भाकरी आपोआप पडत नाही.

निवृत्तीच्या आदल्या वर्षीची गोष्ट. 'खेलो इंडिया' या सरकारी क्रीडा योजनेच्या तंदुरुस्ती चाचण्या घ्यायचा आदेश आला. चौथीसाठी पन्नास मीटर, सहाशे मीटर वगैरे. केंद्रशाळेकडून सोमवार ठरला, वेळ सकाळची. माझ्या वर्गात एक मुलगी होती. आईबाप वीटभट्टीवर, ती आजीजवळ. एरवी ही पोर चालायची म्हणून नसेच, पळायचीच. त्या दिवशी सहाशे मीटरला निम्म्यात खाली बसली. जवळ जाऊन विचारले, सकाळी काय खाल्लेस? म्हणाली, "चहा." आणि काल रात्री? त्यावर ती गप्प.

प्राथमिक शाळेत शिकवलेल्या कुणालाही विचारा, सोमवार कसा असतो. शनिवारच्या खिचडीनंतरची पुढची खिचडी सोमवारच्या मधल्या सुट्टीत. मी गुरुवारी दुपारी, खिचडी जिरल्यावर, पुन्हा तिला पळवले. वर्गातली सगळी पोरे मागे राहिली. साहेबांना फोन केला, तर म्हणाले, "बाई, माहिती भरून झाली, आता बदलत नाही." झाले! उंची, वजन, सेकंद यांना अ‍ॅपमध्ये रकाने आहेत. सकाळी काय खाल्ले, याला रकाना नाही. ती मुलगी सरकारदरबारी आजही कमजोरच असेल, आणि लेखकांच्या हिशोबात काटक.

राज्यातली पाच वर्षांखालची शंभरातली पस्तीस मुले वयाच्या मानाने खुजी आहेत, हे २०१९ ते २१ च्या सरकारी कुटुंब आरोग्य पाहणीतच आहे. तीच पुढे पहिलीत येतात. त्यांची बारीक अंगकाठी बघून पाहुणे म्हणतात, किती चपळ हो!

राहता राहिला खेळाचा तास. शहरातल्या खासगी शाळेत शिट्टीवाले पीटीचे सर असतात, बूट असतात, वर संध्याकाळचा क्लास. आमच्याकडे चार वर्गांना दोन शिक्षक. शिक्षण हक्क कायद्यात शारीरिक शिक्षणाचा शिक्षक सहावी ते आठवीला, तोही अर्धवेळ, आणि पट शंभरावर असेल तर. म्हणजे पहिली ते पाचवीच्या मुलांना शरीर असते हे कायद्याला मान्य नसावे.

आणि हो, अंडी. नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडे सुरू झाले. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबला. लोकसहभागातून द्या म्हणे! आमच्या गावात लोकसहभागातून यात्रेचा डीजे येतो, अंडे अजून आलेले नाही. यावर आपल्या पुरवणीत चार ओळी आल्या असत्या तर त्या लेखातली रंगीत चौकट सत्कारणी लागली असती.

लेखकांनी एखाद्या सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास आमच्याकडे यावे. चहा मी देईन.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, ता. माण, जि. सातारा

ता. क. : माझे मागचे पत्र शाळेच्या मैदानावर लागणाऱ्या लग्नाच्या मांडवांबद्दल होते. आपण ते निम्मे कापून छापलेत आणि पुढाऱ्यांचा उल्लेख तेवढा नेमका गळाला. हे पत्र पूर्ण छापावे ही विनंती. मांडवाचे खिळे मैदानात अजून सापडतात, आणि निम्मी पोरे अनवाणी असतात.