सी ड्राइव्हवाल्या दादांना एक उघड थँक्यू

दादा, फोनवर त्या दिवशी घाईत नुसतं "थँक्यू हां" म्हणून ठेवून दिलं, नंतर वाटलं हे काही बरोबर नाही, मैत्रिणीचा भाऊ म्हणून तुम्ही माझ्यासारख्या अनोळखी मुलीसाठी दीड तास घालवलात, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

माझा लॅपटॉप 256 जीबीचा, दाखवतो 238 (हेही तुम्हीच सांगितलंत, की कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज 1024 ने, कुणी चोरलेलं नाही). त्यातले जेमतेम 3 जीबी उरले होते आणि लाल पट्टी बघून बघून मी वैतागले होते. महिनाभर रोज बसून फोटो डिलीट करत होते. जुने, अंधुक, डबल आलेले, मग थोडे चांगले पण. तरी जागा काही वाढेना! तुम्ही पहिलंच विचारलंत, "रिसायकल बिन रिकामा केलास का?" आणि मी गप्प. 7 जीबी तिथेच बसले होते. हसला नाहीत, त्याबद्दल वेगळे आभार.

पण मला खरं आवडलं ते पुढचं. मी म्हणत होते की काय काय उडवू ते सांगा, आणि तुम्ही म्हणालात, आधी काहीच उडवायचं नाही, आधी बेरीज कर. सी ड्राइव्हमधले दिसतात तेवढे सगळे फोल्डर सिलेक्ट करून प्रॉपर्टीज बघितली तर साधारण 170 जीबी, आणि ड्राइव्ह म्हणतेय 235 भरलेत. मग मधले 65 गेले कुठे? इतके दिवस मला हा प्रश्नच पडला नव्हता, मी आपली जे दिसतंय त्यातूनच कापत बसले होते.

मग विझट्री टाकायला लावलंत, म्हणजे डिस्कवर जागा कोण खातंय ते दाखवणारं सॉफ्टवेअर, तेही अॅडमिन म्हणून चालवायचं, कारण तसं चालवलं तरच ते एकेक फोल्डर उघडत न बसता डिस्कवरची फाइलींची मुख्य यादीच सरळ वाचतं. काही सेकंदांत अख्खी डिस्क रंगीत चौकोनांत समोर, जेवढी फाइल मोठी तेवढा चौकोन मोठा. ही चौकोनांची कल्पना 1990 मध्ये बेन श्नायडरमन या प्राध्यापकांना सुचली, त्यांच्या लॅबमधली 80 एमबीची हार्ड डिस्क 14 जण वापरायचे आणि जागा कोण खातंय ते कळत नव्हतं म्हणून, हे तुम्ही स्कॅन चालू असताना सांगितलंत. 80 एमबी! माझा एक व्हिडिओ पण त्यात मावणार नाही.

आणि मग सापडलं एकेक. सिस्टम व्हॉल्यूम इन्फर्मेशन नावाचा लपलेला फोल्डर, 41 जीबी, सगळे रिस्टोअर पॉइंट, म्हणजे काही बिघडलं तर मागे जाता यावं म्हणून विंडोजने जपून ठेवलेल्या आधीच्या स्थिती. पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवर वापरतं ती जागा) 9, हायबरनेशनची फाइल (लॅपटॉप बंद करताना चालू काम जसंच्या तसं साठवून ठेवते ती) 6, वर तो बिन. हिशोब जवळपास जुळला की! त्यात माझ्या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरची कॅशे, म्हणजे त्याने साठवलेल्या तात्पुरत्या फाइली, अॅपडेटा नावाच्या फोल्डरमध्ये 22 जीबी, ती बेरजेत आधीपासून होती पण माझं लक्षच गेलं नव्हतं, मी फोटोंच्या मागे.

मी लगेच विंडोजच्या विनएसएक्सएस नावाच्या फोल्डरवर डिलीट दाबायला निघाले होते, नाव विचित्र आणि साइज मोठी म्हणून, तेव्हा तुम्ही जे ओरडलात ना "हात काढ तिथून", ते अजून कानात आहे :) त्यातल्या बऱ्याच फाइली म्हणजे विंडोजच्याच फाइलींची दुसरी नावं, त्यामुळे एक्सप्लोरर त्या दोनदा मोजतो, आणि हाताने उडवल्या तर अख्खं विंडोजच बसेल, हे आता पाठ झालंय. हायबरनेशनचंही तसंच, मी म्हटलं बंद करून टाकू, तर तुम्ही आधी विचारलंत की मी ते वापरते का. वापरते. मग राहू दे म्हणालात.

शेवटी काय केलं तर रिस्टोअर पॉइंटची मर्यादा विंडोजच्या सिस्टम प्रोटेक्शन सेटिंगमध्ये जाऊन 10 जीबीवर आणली, जुने आपोआप गेले, कॅशे त्या सॉफ्टवेअरच्याच सेटिंगमधून साफ केली, बिन रिकामा केला. बस. 3 चे 63 जीबी झाले आणि एकही कामाची फाइल गेली नाही.

बिन रिकामा करायच्या आधी मात्र मी तो एकदा उघडून बघितला, तुम्हाला सांगितलं नव्हतं. वैतागून उडवलेल्या चांगल्या फोटोंपैकी चाळीसेक परत घेतले. त्यात तुमच्या बहिणीचा, डोळे मिटलेला एक आहे, तो तुम्हाला पाठवतेय, तिला सांगू नका.