गोरखचिंचेच्या मुलखातून

हरारे, १२ जुलै

प्रिय नीलू,

पुण्याच्या दुकानात बाओबाबच्या भुकटीचा एवढासा डबा आणि त्यावरची किंमत बघून तू विचारलंस, 'हे पैसे नक्की कुणाच्या पदरात पडतात गं?' सरळ सांगते, फळं वेचणाऱ्या बायकांच्या पदरात सगळ्यात कमी. माझा सगळा जीव सध्या त्याच गोष्टीत अडकलाय.

झाड तुझ्या ओळखीचं आहे. वसईच्या किल्ल्यात आपण चौघींनी हात धरूनही जिचा बुंधा कवेत आला नव्हता, तीच ही गोरखचिंच. आपल्याकडे ती पाहुणी, इथे झिम्बाब्वेत, सावे नदीच्या खोऱ्यात, घरची. हा भाग सखल, उष्ण, कोरडा. पाऊस दगा देतो, मका करपतो, पण या झाडांना फळं धरतात. ती कुणी लावलेली नाहीत, कुणी शिंपलेली नाहीत.

एप्रिल-मेपासून हंगाम सुरू होतो. फळ लांबट, वरून मखमली लव, आत टणक कवच. परवा एका आजींनी, इथे त्यांना अम्बुया म्हणतात, ओट्यावर बसून ते दगडाने फोडलं. आत पांढरट, खडूसारखे कोरडे तुकडे, त्यांत लालसर धागे आणि काळपट बिया. गर झाडावरच वाळतो, त्यामुळे भट्टी नको, रसायन नको. कुटायचं, चाळायचं, झाली भुकटी. जिभेवर ठेवली की आधी टाळूला चिकटते, मग आंबट गोडी सुटते. पोरं बिया तासन्‌तास चघळत असतात, आणि सकाळच्या पेजेत ती भुकटी घालायची पद्धत तर फार जुनी.

आणि एवढं जुनं अन्न युरोपच्या कायद्यात 'नवीन' ठरलं! मे १९९७ पूर्वी तिथे जे फारसं खाल्लं जात नव्हतं, त्याला विकण्याआधी परवानगी लागते. फायटोट्रेड आफ्रिका या आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या देशांतल्या संघटनेने २००६ साली, तेव्हा युरोपीय संघात असलेल्या ब्रिटनमध्ये अर्ज केला, तपासण्यांचे ढीग दिले, तेव्हा कुठे जून २००८ मध्ये गराला मंजुरी मिळाली. पुढच्या वर्षी अमेरिकेचा रस्ता मोकळा झाला. हे काम एकट्यादुकट्या गावाला कधी जमलं नसतं, म्हणून त्या लोकांबद्दल मला फार आदर वाटतो.

पण दार उघडलं म्हणजे घर भरलं असं नाही. भुकटी ओल पटकन धरते, मग गुठळ्या होतात, रंग काळवंडतो. तडकलेलं फळ घेता येत नाही, बुरशीचा धोका. सेंद्रिय प्रमाणपत्रासाठी वेचणाऱ्या प्रत्येकीचं नाव आणि वेचायचा परिसर नोंदवावा लागतो. हे सगळं बायका चोख करतात. तरी गेल्या हंगामात एका मोठ्या गिऱ्हाइकाने ऐनवेळी मागणी निम्म्यावर आणली. फळं तर वेचून घरात रचलेली! त्या महिन्यात शाळेच्या फिया थकल्या, आणि मला त्यांच्या समोर जाववेना.

म्हणून मी आता हट्टाने दोन गोष्टी मागते. हंगामाआधी भाव आणि वजन कागदावर ठरवा, थोडी उचल द्या. आणि फोडणं, चाळणं गावातच होऊ दे. अख्खं फळ विकलं की गावाला जेमतेम मजुरी सुटते. गर वेगळा, तेलासाठी बी वेगळं विकलं, तर चार पैसे मागे राहतात.

झाडांची काळजीही आहेच. गळलेली फळं वेचल्याने झाडाला काही होत नाही, पण कोवळी रोपं शेळ्या-गुरं फस्त करतात. जुनी झाडं उभी आहेत, मधल्या वयाची फार कमी दिसतात. बी पेरल्यापासून फळ धरायला बरीच वर्षं लागतात, तेव्हा व्यापार करणाऱ्यांनी रोपांभोवती काटेरी कुंपणाचा खर्च उचललाच पाहिजे, असं मी प्रत्येक बैठकीत बोलते. काही गावांनी वाट न बघता कुंपणं घातलीसुद्धा.

मामांच्या मुलाबरोबर तुला एक पाकीट पाठवतेय. ओला चमचा घालू नकोस. नाचणीची पेज गॅसवरून उतरवली की मग एक चमचा ढवळ, उकळू नकोस. काकूंना आंबट आवडतं, त्यांना आधी दे आणि काय म्हणाल्या ते कळव.

तुझी,
मंजू